वाळेपर्यंत

सूचौच्या आमच्या कलाविद्यालयात सुधारणा मंगळवारी होत असत, कारण सभागृह त्या दिवशी रिकामं असे. मी सुधारणा समितीचा चिटणीस. पॅरिसहून शिकून आलेले प्राचार्य फू बोलत, मी लिहून घेई. चिनी प्रजासत्ताकाच्या एकविसाव्या वर्षी, १९३२ साली, अशाच एका मंगळवारी ठरलं, की कुंचल्यानं अक्षरं काढणं ही कला नव्हे, नुसती सवय आहे. सुलेखनाचा वर्ग बंद. त्या खोलीत प्लास्टरचे ग्रीक पुतळे ठेवायचे.

वर्ग ग्वान गुरुजींचा. वय सत्तर, विद्यार्थी अकरा. त्यांचा कागद आणि शाई आम्ही वसंतातच तोडली होती. तेव्हापासून ते अंगणातल्या करड्या विटांवर साध्या पाण्यानं शिकवत. जुलैच्या उन्हात तिसरी रेघ ओढेपर्यंत पहिली उडून जाई. "फाडायचा त्रास वाचला," गुरुजी म्हणत.

मी हुकूम घेऊन अंगणात गेलो. प्राचार्यही आले, आपला विजय बघायला ते स्वतः हजर राहत.

"चिटणीस, सही झाली?" गुरुजींनी विचारलं.

"करतोय."

"थांबा जरा. ओलं अक्षर टाकून आमच्यात कुणी उठत नाही. हे एक काढतो. ते वाळलं की लावा कुलूप."

प्राचार्य हसले. "अहो, तीन मिनिटं लागतील!"

"मग तीन मिनिटं थांबा. शब्द देता?"

"दिला. पोरांसमक्ष दिला."

गुरुजींनी बादलीत कुंचला बुडवून 'सदैव' या अर्थाचं अक्षर काढलं. आठ फटकाऱ्यांचं अक्षर, प्रत्येक पोर पहिलं गिरवतं ते. शेवटचा फटकारा त्यांच्या ढंगात जरा वर उचललेला. मग ते सावलीत बसून कलिंगडाच्या बिया फोडू लागले.

तीन मिनिटं झाली. दहा झाली. आजूबाजूला सांडलेले थेंब केव्हाच उडाले. बारा वाजता विटांचे चटके चपलेतून लागत होते. अक्षर ओलं होतं.

"तेल मिसळलंय म्हाताऱ्यानं," प्राचार्य म्हणाले. मी बादलीतलं पाणी चाखलं. विहिरीचंच होतं, थोडं मचूळ.

फडक्यानं पुसलं. फडकं कोरडंच राहिलं. कोळशाची शेगडी आणून वर धरली. वीट तडकली. तडा अक्षराला वळसा घालून गेला.

"हात लावून बघा," प्राचार्यांनी मला फर्मावलं. मी शेवटच्या फटकाऱ्यावर तर्जनी टेकवली. त्या उन्हातही ती मनगटापर्यंत गारठली.

"काय म्हणतंय?" गुरुजींनी साल थुंकत विचारलं.

"ओलं आहे."

"मग उद्या या."

मी बोट रुमालाला पुसलं. पुन्हा पुसलं.

सप्टेंबरात प्राचार्यांनी त्या विटा उखडून कालव्यात टाकल्या. खालच्या मातीवर तेच अक्षर होतं.

हिवाळ्यात गुरुजी गेले. दुसऱ्या सकाळी प्राचार्य मला घेऊन धावत अंगणात आले. रात्रभर बर्फ पडला होता. अक्षरावर एक कण टिकला नव्हता. शीयुन, गुरुजींची सगळ्यात धाकटी विद्यार्थिनी, बादली घेऊन उभी होती.

"सर, शब्द दिला होतात. वाळलं का?"

प्राचार्यांनी वाकून अक्षर पाहिलं.

"मग सरका. वर्गाची वेळ झाली."

प्राचार्य पुढे दुसऱ्या शहरात सुधारणा करायला गेले. हुकूम माझ्याकडे राहिला, बिनसहीचा.

याला वीस वर्षं झाली. शीयुन वर्ग चालवते. माझी तर्जनी अजून वाळलेली नाही.

काल नवी समिती आली. त्यांनी माझ्याच कपाटातला तो हुकूम शोधून माझ्यापुढे ठेवला. "एवढी सही राहिलीय, कॉम्रेड."

"नाही करत," मी म्हणालो.

मी टेबलावरचा हात उचलला. शाळा सुटल्यापासून कुंचला मी धरलेला नाही. पण बोटाखाली टेबलावर आठ ओले फटकारे होते, शेवटचा जरा वर उचललेला.

"काय सांडलंय हे?" म्हणत त्यांच्या तरुण चिटणीसानं पुसायला बोट पुढे केलं.

मी त्याला अडवलं नाही.