आयलं, हालू नको

तळवलीच्या दिनानाथला मी पुष्कळ वर्षं ओळखतो. ही हकीकत त्यानं मला सांगितली तेव्हा त्याची बायको स्मिता समोरच बसली होती. तिनं त्याला एकदाही अडवलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. सुयश, तो मोबाईल उलटा ठेव आधी.

गेल्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, दिनानाथ घणसोलीच्या बाजारात टीव्हीची अँटेना आणायला गेला.

"अँटेना? काका, आत्ता कोण अँटेना लावतं? यूट्यूब लावून द्यायचं ना."

दिलं होतं रे लावून. त्याची आई, पुतळाबाई, लकव्यानं सहा-सात महिने अंथरुणात होती. पाय गेले होते, वाचा गेली होती. मोबाईल समोर धरला की मान फिरवायची आणि भिंतीवरच्या बंद टीव्हीकडे बघत राहायची. डॉक्टर म्हणाले होते, आता फार दिवस नाहीत. दिनानाथनं मनाशी ठरवलं, जाण्याआधी आईला तिची सह्याद्री वाहिनी दिसली पाहिजे. एवढंच.

दुकानदारानं सगळं समजावलं. अँटेना उंच हवी. पत्र्याच्या शेडपासून, पाण्याच्या टाकीपासून लांब. तोंड खाडीपलीकडे, मुंबईच्या टीव्ही मनोऱ्याकडे. वायर अखंड, मध्ये जोड नको. दिनानाथनं तसंच केलं. पूर्वी चित्राला मुंग्या यायच्या, पण मुंग्यांतूनही माणूस ओळखू यायचा. डिजिटलला अधलंमधलं काही नसतं. चित्र येतं, नाहीतर चौकोन पडून थिजतं आणि जातं.

अंधार पडल्यावर तो गच्चीवर पाईप उभा करत होता. स्मिता खाली, आईच्या खोलीच्या खिडकीत.

"आलं का?"

"नाही!"

त्यानं पाईप जरा डावीकडे फिरवला.

"आलं! आलं… गेलं! अहो, वर नाचताय का तुम्ही?"

शेवटी त्याच्या लक्षात आलं. पाईप हातात धरला की चित्र येत होतं. हात काढला की जात होतं. असं होतं कधी कधी, माणसाचं अंगच अँटेनाचा भाग होऊन बसतं.

"आई बघतेय का?"

"बघतायत! डोळे मोठ्ठे केलेत!"

मग काय. तो पाईप धरून उभा राहिला. म्हटलं, थोडा वेळ बघू दे तिला, नंतर बघू काय करायचं ते.

बराच वेळ झाला. हाताला रग लागली. त्यानं बोटं जरा सैल केली.

"गेलं!" खालून आवाज.

त्यानं पुन्हा घट्ट धरलं.

"आयलं. हालू नको."

तो हसला. स्मिता साताऱ्याची. तळवलीत इतकी वर्षं काढली, पण एरवी तिच्या तोंडून 'आलं'च निघायचं, सासूसारखं 'आयलं' नाही. सासूची नक्कल मात्र झकास करायची.

"बास झाली नक्कल! नीट दिसतंय ना?"

खालून हसू आलं नाही.

"आयलं."

तेवढ्यात गल्लीतल्या दिव्याखाली कोणीतरी थांबलं. मेडिकलची पिशवी हातात. मान वर करून बघत होतं.

स्मिता.

"अहो, अजून वरच? मी ओरडून सांगून गेले ना, औषध आणते म्हणून!"

पाईप धरूनच तो कठड्यावरून खाली वाकला.

खिडकीत दिवा होता. खोलीत आईशिवाय कोणी नव्हतं.

त्याचा हात सुटला.

"गेलं… गेलं…"

लहान पोर रडतं तसं. त्यानं झटकन पाईप धरला.

"आयलं."

आता आवाज खिडकीतून नव्हता. जिन्यातून होता.

"काका, तो पळाला नाही?" वैदेही, अगदी हाच प्रश्न मी त्याला विचारला. म्हणाला, पळून जाऊ कुठे? खाली आई. जिन्यात… तीच. आणि हात सोडला की ती रडत होती. आईला रडवून कसा पळू?

तो उभा राहिला. मनोऱ्याकडे तोंड करून. मागे वळला नाही.

जिन्यातली पावलं वर येऊन थांबली.

गच्चीचं दार… वाजलं नाही.

मग अगदी कानाशी, दमलेला आवाज.

"बास. सोड आता, पोरा."

त्यानं सोडलं.

आणि खालून स्मिताची किंकाळी आली. तिचीच.

डॉक्टर आले. त्यांनी हात लावला आणि म्हणाले, "जाऊन दोन-तीन तास तरी झालेत." म्हणजे अँटेना वर चढण्याआधीच. स्मिता भिंतीला टेकून एकच सांगत राहिली, "डोळे उघडे होते हो… मला वाटलं, बघतायत."

सकाळी अंगणात बायकांनी आंघोळ घातली. शेजारच्या मालतीबाई पाय धूत होत्या. त्या थांबल्या. साबण लावला, पुन्हा घासलं. मग दिनानाथला हाक मारली.

"हे काय रं? निघंना."

गच्ची गळत होती म्हणून त्याच आठवड्यात वर डांबर मारलेलं. अजून मऊ होतं.

पुतळाबाईच्या दोन्ही तळव्यांना ते लागलं होतं. टाचेपासून बोटांपर्यंत. ताजं.

दिनानाथनं वाकून पाहिलं. मग स्वतःचा पाय उचलून पाहिला. तेच डांबर.