राहिलेली अंघोळ

आमच्या गावदेवीची अंघोळ रोज उजाडताना असते. आमचं गाव धरमतरच्या खाडीला लागून, मिठागरांच्या मधोमध. विहिरीचं पाणीसुद्धा मचूळ. म्हणून देवीसाठी टेकडीखालच्या झऱ्यावरून दोन घागरी गोडं पाणी आणायचं, ते मूर्तीवर घालायचं, अंग पुसायचं, शेंदूर लावायचा, फूल ठेवायचं. आम्ही गुरव. आजा करायचा, मग बाप, मग मी. गाभाऱ्यात दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही, बाईमाणसानं तर नाहीच. आणि बापानं जाताना एक सांगितलं होतं, "नाथा, ओली देवी अर्ध्यात टाकून उठायचं नाय. काय बी होवो."

बासष्टच्या श्रावणात उधाणाच्या भरतीनं खाडी अडवणाऱ्या बाहेरच्या बांधाला खांड पडली. पाणी शेतातून गावाकडे यायला लागलं. मी तेव्हा गाभाऱ्यात होतो. पहिली घागर ओतून झाली होती. बाहेर पळापळ ऐकू आली आणि मग माझ्या बायकोची, पुतळीची हाक, "अवो, मैना खाली गेलीय, करडू सोडायला..."

मी दुसरी घागर ओतली. अंग पुसलं. शेंदूर लावला, फूल ठेवलं. मग धावलो.

आमची मैना सात वर्षांची होती. करडू सापडलं. ती सापडली नाही. सहा दिवस होड्या फिरल्या. शेवटी जाणत्यांनी सांगितलं म्हणून तिच्या जागी दर्भाची बाहुली करून जाळली.

सुतकातसुद्धा देवीची अंघोळ चुकवायची नाही, ही आमच्या घराची रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं देवीवर पाणी घातलं. ते पाणी पन्हळीतून भिंतीपलीकडे लहानशा कुंडात पडतं. त्या दिवशी पन्हळीतून काळं पाणी वाहिलं. छप्पर गळून माती पडली असेल, असं वाटलं. मूर्ती घासली, पुन्हा पाणी घातलं. पुन्हा चिखल. खाडीतला, मऊ, तिवराच्या कुजक्या पानांचा वास असलेला. मूर्तीवर मात्र बोट फिरवलं तर काहीच नाही.

हे मी कुणाला बोललो नाही. तिसऱ्या दिवशी गार पाण्याची धार पडली आणि माझ्या हाताखालचा दगड आक्रसला. अंगावर गार पाणी पडल्यावर पोर आक्रसतं, तसा.

मी बाहेर आलो तर पुतळी कुंडापाशी बसलेली. तिनं त्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"खारट हाय," ती म्हणाली. मग बोट पदराला पुसून, "पोरीची अंघोळ रायली हो. शेवटची."

"गप ऱ्हा. देवीबद्दल असं बोलू नये."

दुसऱ्या दिवशी ती कढत पाण्याचा हंडा, तेलाची वाटी आणि शिकेकाई घेऊन गाभाऱ्याच्या दाराशी येऊन बसली. मी दार आतून लावून घेतलं. असं तीन दिवस चाललं. आत मी घागरी ओतायचो, चिखल वाहायचा, आणि दाराबाहेर तिचं पाणी निवून जायचं. चौथ्या दिवशी ती तोंड वर न करता म्हणाली, "तवा तुमी देवीची अंघोळ अर्धी टाकली नाय. आता पोरीची टाकू नका."

मी दारातून बाजूला झालो.

ती आत गेली. मी बाहेर पन्हळीजवळ बसून राहिलो. भिंतीतून तिचा आवाज येत होता, अगदी हळू. "डोळं मिट गो... झोंबल... मान वर कर... हं..." प्रत्येक वाक्यानंतर ती थांबत होती. कुणीतरी उत्तर द्यावं, तेवढा वेळ. मला उत्तर ऐकू आलं नाही. पन्हळीतलं पाणी आधी काळं होतं, मग राखाडी झालं. ऊन भिंतीवर आलं तेव्हा ते झऱ्यासारखं स्वच्छ पडत होतं.

"सोड आता," पुतळी आत म्हणाली. "सोड गो बाय... मला जाऊ दे..."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या डाव्या मनगटावर चिखलाच्या रंगाच्या पाच खुणा होत्या. लहान बोटांच्या.

"घाबरली होती," ती म्हणाली. "पाणी सरलं तरी हात सोडीना."

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं काय म्हणाली?"

पुतळीनं मनगट पदराखाली घेतलं. "तुमचं नाय विचारलं तिनं."

त्यानंतर कुंडात कधी चिखल आला नाही. पुतळीच्या हातावरच्या खुणा मात्र गेल्या नाहीत. राखेनं घासल्या, चिंचेनं घासल्या. मग तिनं तो नाद सोडला. रस्त्यानं चालताना ती डावा हात जरा बाजूला धरून चालायची, बोटाला कुणी धरल्यासारखा. त्या सकाळबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. माझी हिंमत झाली नाही.

बारा वर्षांनी, माघात, पुतळी तापानं गेली. बायका तिला पडवीत अंघोळ घालत होत्या. शेजारची गोदूबाई मध्येच उठून माझ्याकडे आली. तिचे हात ओले होते.

"नाथाभावजी, पुतळीच्या हातावरच्या त्या खुना..."

"जुन्या हायत त्या."

"ठावं हाय मला. पयल्यापासून बघतेय मी. पोराच्या बोटांएवढ्या होत्या." तिनं आवाज खाली घेतला. "तुमी या. बघा."

मी पडवीत गेलो. बायका बाजूला झाल्या. पुतळीचा डावा हात पाटावर पडला होता. खुणा पाचच होत्या. पण बोटं आता लांब होती, सडपातळ, लग्नाच्या वयाच्या मुलीची असतात तशी.

मी त्यांवर अंगठा फिरवला. चिखल ओला होता.