अर्धे रंग

लिफ्ट बंद होती. तपासनीस कुरकुरणारे गुडघे सांभाळत तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत पोचले. मागून वही घेऊन त्यांचा मेहुणा आला.

“लेझरचा मुख्य स्फटिक सकाळी जळाला,” प्रमुख सर म्हणाले. गळ्यातल्या रिकाम्या दोरीशी त्यांचा चाळा चालू होता. “चार वर्षं खपलो मी यावर. तंत्रज्ञ बाईंनी यंत्र चालू केलं, ताकद जास्त सोडली असणार. त्यांना काढायचं पत्र तयार आहे. नियम म्हणून तुम्हाला बोलावलं.”

“तुम्ही शेवटचे आत कधी होतात?”

“काल. आतूनबाहेरून सगळं तपासूनच घरी गेलो.”

बाई स्टुलावर बसल्या होत्या. रडून झालं होतं.

“मला समजेल असं सांगा,” तपासनीस म्हणाले.

“प्रकाशाचा ठोका फार छोटा असतो. तशीच त्याची ताकद वाढवली तर स्फटिक जळतो. म्हणून आधी या पेटीत त्याचे रंग वेगळे करून एकामागून एक धाडायचे. ठोका लांबतो. मग ताकद वाढवायची, शेवटी ठोका परत आखडायचा.”

“आणि हे तुमच्या गळ्यात काय?”

“हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. हे कार्ड मध्ये धरलं की त्यावर उमटतो. प्रत्येकाला एकच मिळतं.”

शेजारी उभ्या संशोधक विद्यार्थिनीचं कार्ड तिच्या पुस्तकात खूण म्हणून होतं. “बाईंच्या हातून अशी चूक होणार नाही,” ती म्हणाली. “पण सरांना कोण सांगणार?” तिने नोंदींचा पडदा दाखवला. स्फटिक जळेपर्यंत ताकद रोजच्याइतकीच होती.

मेहुण्याने जांभई दिली. “भाऊजी, मग जळालं कशानं?”

तपासनीसांनी सर्वांना पेटीजवळ बोलावलं. त्यांना स्वतःला कंटाळा आला होता, आणि सरांची थोडी कीवही.

“ताकद तेवढीच, तरी स्फटिक जळाला. म्हणजे ठोका पुरेसा लांबला नव्हता. तेवढंच सामान निम्म्या लांबीच्या रांगेनं निम्म्या वेळात दारातून न्यायचं, तर दारावर रेटा दुप्पट पडतो. रांग या पेटीत लागते. म्हणजे इथे कुणीतरी अर्धे रंग अडवले.”

“पण कशानं?” मेहुण्याने विचारलं.

“रंग पाहायला जे लागतं त्यानंच. बाईंचं कार्ड गळ्यात आहे, हिचं पुस्तकात. सर, तुमचं?”

सरांचा हात गळ्यातल्या रिकाम्या दोरीशी गेला.

विद्यार्थिनीने झाकण उघडलं. आत सरांचं कार्ड उभं होतं, रंगांच्या वाटेत अर्ध्यावर.

“काल तपासताना ठेवलं,” सर पुटपुटले. “डोळे मिटत होते माझे. काढायचं राहिलं.” त्यांनी खिशातलं पत्र काढून फाडलं. “ताई, चुकलं माझं. उद्या या कामावर.”

“येईन. घर चालवायचंय मला,” बाई म्हणाल्या. “पण ताई म्हणू नका आता. बहिणीला माणूस आधी विचारतो, मग पत्र लिहितो.”