कपाटातला ठोका

मी तेल आणायला गेलो होतो. गोष्ट तिथून सुरू होते, म्हणून तिथूनच सांगतो. मध्ये प्रश्न विचारू नका. माझी शाळा चौथीतच सुटली, मागेपुढे उड्या मारत मला सांगता येत नाही.

आमच्या मागच्या खोलीत एक लाकडी कपाट आहे, माणूस आत बसेल एवढं मोठं. त्याचं दार उघडलं की असं किंचाळायचं की शेजारीण भिंतीवर थापा मारायची. जन्मभर बस चालवून माझा उजवा कान इंजिनाने खाल्लाय, तरी ते दार मलाही ऐकू यायचं. त्या दिवशी सकाळी नात म्हणाली, "आजोबा, बिजागरीला तेल घाला आता. पुरे झालं." मी चपला सरकवल्या आणि निघालो. ऊन चांगलं होतं. दुकानदाराशी सुट्या पैशांवरून थोडं भांडणही झालं. म्हणजे सगळं नेहमीसारखंच.

परत आलो तर नात दारातच उभी.

"आजोबा, तेल आणलंत का?"

"आणलं. नाचू नकोस."

बूच काढायच्या आधी मी कपाटाचं दार सहज हलवून पाहिलं. आवाज नाही. जोरात ओढलं. नाही. म्हटलं, गेला, डावा कानही गेला. पण खिडकीत कावळा ओरडत होता तो नीट ऐकू येत होता.

"तू घातलंस तेल?"

"छे. तुम्ही तेल घातलं की आवाज जाणार, म्हणून आधी रेकॉर्ड करून घेतला."

बिजागरीला बोट लावलं. कोरडी ठणठणीत, वर गंज. बाटली तशीच बंद फळीवर ठेवली. तेल वाचलं म्हणून मला तर बरंच वाटलं.

नात म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. घरात तिला चिमणी म्हणतात. चांगल्या पगाराची नोकरी सोडून ती माझ्याकडे राहायला आली, कारण तिला गेम बनवायचा होता. तोही स्वतःचा, कुणा मोठ्या कंपनीचा नाही. तिची आई मला रोज फोन करून ओरडायची, जणू नोकरी मीच सोडायला लावली. मी काय सांगणार? गेम म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा, हे माझं मत मी चिमणीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती हसली आणि माझ्या जेवायच्या टेबलावर कॉम्प्युटरचं मशीन मांडून बसली.

गेम असा. एक घर. आत जवळजवळ अंधार. ऐकत ऐकत रस्ता शोधायचा आणि बाहेर पडायचं. चित्रं काढायला तिची एक मैत्रीण यायची, जाड चष्म्याची. तिला आम्ही चष्मिसच म्हणायचो.

मी विचारलं, "अंधारात दिसतच नाही तर तू काढतेस काय?"

चष्मिस म्हणाली, "अंधार, आजोबा. फार मेहनतीचा असतो."

त्या अंधारात जे थोडंफार दिसतं ते सगळं आमच्या घरचं. आमची मोरी, आमचं टेबल, मागच्या खोलीतलं कपाट. आवाजही आमचेच. विकत घ्यायला पैसे नव्हते, आणि चिमणी म्हणायची विकतचा आवाज खेळणारा लगेच ओळखतो. आधी लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करायचा बेत होता. गेम व्हायचाय आणि लोकांनी आधी पैसे द्यायचे. मी म्हटलं, बस अजून बांधलीच नाही, तिकीट कोण काढेल? कोणी काढलं नाही. सल्ले देणारे मात्र ढीगभर आले. शेवटी एका कंपनीच्या मॅडम तयार झाल्या. अट एकच, आधी खेळून बघण्यासारखा एक तुकडा बनवून दाखवा. तो आवडला नाही तर चिमणीची झोळी रिकामी आणि नोकरीचं दार बंद. म्हणून ती दिवसभर माइक घेऊन घरात फिरायची. भांडी, नळ, चपला. रस्त्याचा गोंगाट नको म्हणून कपाटात शिरायची, गोधड्यांमध्ये, आणि दार लावून घ्यायची.

एका दुपारी माझ्या लक्षात आलं की भिंतीवरचं घड्याळ वाजत नाहीय. काटे फिरत होते. बोट लावलं तर आतली थरथर लागत होती. टिकटिक मात्र नाही.

"ते कालच रेकॉर्ड केलं," चिमणी म्हणाली. "पण मध्येच कुणीतरी हॉर्न वाजवला. बिघडलं. थांबा, पुसूनच टाकते."

तिने बटण दाबलं. माझं बोट घड्याळावरच होतं. थरथर थांबली.

घड्याळजीकडे नेलं. त्याने उघडलं, भिंग लावलं, फुंकर मारली. म्हणाला, "काका, यात बिघाड काहीच नाही. हे चालायला पाहिजे." ते आजतागायत चाललेलं नाही.

मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण म्हाताऱ्या माणसाला सगळं आधी आपल्याच कानावर ढकलायची सवय लागते. मग तिने माझा खोकला रेकॉर्ड केला. घरात कुणीतरी आजारी आहे असं गेममध्ये वाटायला हवं होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी शेजारीण जिन्यात भेटली. "बरं वाटतंय वाटतं आता? रात्रभर आवाज नाही." मला तर रात्रभर उबळ होती. छाती फुटायची पाळी आली होती. मी आरशासमोर उभा राहून खोकून बघितलं. तोंड उघडतंय, गळ्याच्या शिरा फुगताहेत, डोळ्यांत पाणी. आणि खोली अगदी शांत.

मी तसाच टेबलापाशी गेलो. "चिमणे, माझा खोकला पुसायचा नाही. कळलं? काही झालं तरी पुसायचा नाही."

"आजोबा, एवढा आवडला?"

"दारात, घड्याळात, माझ्यात काय झालं ते बघ. तू धरलेला आवाज इथून जातो. आणि तू तो पुसलास की ती वस्तूच थांबते."

तिने खुर्ची वळवली. मग चष्मिसला म्हणाली, "हे गेमच्या जाहिरातीत घालूया का गं?" दोघी हसल्या. मी औषध आणायला बाहेर पडलो. रागाने पडलो, खरं सांगतो. नाहीतर थांबलो असतो.

परत आलो तेव्हा टेबलापाशी कोणी नव्हतं. मागच्या खोलीत कपाटाच्या फटीतून एक वायर आत गेली होती. मी दार ओढलं. मुकं दार, मुकंच उघडलं. गोधड्यांच्या ढिगात चिमणी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, डोळे मिटलेले, आणि माइक छातीला दाबून धरलेला.

"झालं, आजोबा," ती म्हणाली. "काय सुंदर आलाय… भीती वाढली की हाच ठोका ऐकू येणार. माझाच. अगदी खरा."

मी तिला बाहेर ओढलं, उलटी वळवली आणि माझा डावा कान तिच्या पाठीला लावला. कापडाची सळसळ ऐकू आली. तिचा श्वास ऐकू आला. बाकी काही नाही.

मनगट धरलं. नाडी लागत होती. बोटाखाली उडत होती.

"घड्याळासारखं…" चिमणी म्हणाली. आता ती हसत नव्हती.

डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरने नळी कानात घातली, तिच्या छातीवर ठेवली. नळीला टिचकी मारली. स्वतःच्या छातीवर लावून पाहिली, मग पुन्हा तिच्या. "नळी बिघडलीय," तो म्हणाला, "परत कधीतरी या." आणि फी घेतली नाही. डॉक्टर फी सोडतो तेव्हा माणसाने घाबरावं.

त्या रात्री चिमणीने माझा हात सोडला नाही. "आजोबा, घड्याळ मी पुसलं त्याच क्षणी थांबलं ना?"

"झोप तू."

"म्हणजे हा आवाज कधीच…"

"झोप म्हटलं ना."

मॅडमना तुकडा आवडला. आवडला म्हणजे, त्या ठोक्यासाठीच आवडला. कागदांवर सह्या झाल्या, चित्रं, आवाज, सगळं कंपनीचं झालं. गेम बाजारात आला. स्वतःचं तोंड दाखवत गेम खेळणारे लोक असतात, हजारो माणसं त्यांना खेळताना बघतात, हे मला तेव्हा कळलं. ती तोंडं ठोका ऐकून पांढरी पडायची आणि गेम आणखी खपायचा. मुलीचा ओरडायचा फोन बंद झाला. मला वाटलं, चला, आता इतक्या घरांत तो ठोका वाजतोय, कोण पुसणार?

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. काही खेळणाऱ्यांचं म्हणणं पडलं की ठोक्याने डोकं दुखतं. पुढच्या अपडेटमध्ये तो बदलायचा. अपडेट म्हणजे काय, तर कंपनी तिकडे बसून एक बटण दाबते आणि घरोघरचा जुना आवाज पुसून नवा बसतो.

 चिमणीच्या हातातून फोन मीच घेतला.

"मॅडम, तेवढा एक आवाज राहू द्या."

"आजोबा, तुम्ही गेम खेळता?" त्यांना हसू आलं.

"खेळतो."

"मग खेळणाऱ्यांना आवडतोय असं दिसू द्या. लोक लिहितातच ना गेमखाली. खूप लोकांनी मागितला तर ठेवू."

त्या दिवसापासून मी खरंच खेळतो. ज्याला आयुष्यभर नावं ठेवली तेच करत बसतो. आमचं मशीन मी बंद करू देत नाही. तुम्ही म्हणाल, घरात एक प्रत ठेवली की झालं. ठेवलीय. पण किती ठिकाणचं पुसलं म्हणजे पुसलं, हे कोणाला माहीत? करून बघायचंय कुणाला?

मध्यंतरी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चिमणीची पावलं वाजत नाहीत. पावलं तिने कधी रेकॉर्ड केली नव्हती. पूर्वी चालायची तर खालचे लोक वर यायचे तक्रार घेऊन. आता मी मान वर करतो आणि ती समोर असते.

परवा दुपारी खेळता खेळता मी कपाटापाशी पोचलो. गेममधलं ते कपाट उघडत नाही. ते नुसतं चित्र आहे, मागे काहीच नाही, हे चष्मिसने मला स्वतः सांगितलंय. जवळ गेलं की ठोका मोठा होतो, एवढंच. मी डाव्या कानावर हेडफोन दाबून ऐकत राहिलो. ठोक्यामागे टिकटिक होती. आमच्या घड्याळाची, पुसलेली. आणि तिच्याही मागून, गोधडीत तोंड घालून बोलावं तसं…

"आजोबा… तेल आणलंत का?"

चष्मिसला फोन लावला. ती म्हणाली, "आजोबा, या गेममध्ये कुणी बोलतच नाही."

पलीकडच्या खोलीत चिमणी फोनवर मॅडमशी हसत होती.

मी फळीवरची बाटली काढली. घाईत अर्धं तेल जमिनीवर गेलं. उरलेल्यातलं थोडं मागच्या खोलीतल्या खऱ्या कपाटाच्या बिजागरीत ओतलं. का ओतलं विचारू नका. पोरीने मागितलं होतं. मग येऊन मशीनपुढे बसलो.

गेममधलं दार बोटभर उघडं होतं.

पलीकडचं हसणं थांबलं. पाऊल वाजलं नाही. पण माझ्या उजव्या अंगाला, जिकडून मला ऐकू येत नाही, तिकडे कुणीतरी येऊन उभं राहिलं. स्क्रीनच्या काचेत ओढणीची कड दिसली.

"काय करताय, आजोबा?"

"खेळतोय."

"मी मॅडमना सांगितलंय," ती म्हणाली. अगदी गोड आवाजात. "त्यांचंच बरोबर आहे. काढून टाकू तो ठोका."

अपडेट सोमवारी आहे. तेलाची बाटली मला त्यानंतर सापडलेली नाही. म्हणून हे सगळं लिहितोय, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे हात जोडतोय. तो गेम घ्या, खेळा, आणि खाली दोन ओळी लिहा, की ठोका राहू द्या. गेममधल्या कपाटाचं दार रोज थोडं थोडं सरकतंय. माणूस बाहेर पडेल एवढं ते अजून उघडलेलं नाही.