मिठाच्या घरातला निरोप

मुलांनो, आधी एक करा. आपण नऊ वर्षांचे आहोत असं समजा.

पायात फक्त मोजे आहेत. समोर एक अंधारी खोली आहे. तिच्या जमिनीवर पांढरंशुभ्र मीठ पसरलंय, बोटभर जाडीचं. त्यावर कुठेही पावलाची खूण नाही.

दिसली खोली? मग तिथेच उभे राहा. मी सांगते ते ऐका.

हे खरं घडलेलं आहे. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण मुलांना भीती घालून गप्प बसवणारी बाई मी कधीच नव्हते. आजही तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. माझ्याकडून एक चूक झाली. ज्या मुलीच्या बाबतीत झाली, तिला मी अजून ते सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मी नेदरलँड्समध्ये उइटहॉर्नला मुलाकडे राहते. दर रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत पाच मुलांना मराठी शिकवते. मुलं मला वृंदाआजी म्हणतात. गुंजन त्यातलीच एक, तेव्हा नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये. मी मात्र हट्टी. मराठीत बोलेपर्यंत मी ऐकूच येत नसल्यासारखी बसते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबरच्या सुट्टीतला शनिवार. गुंजनची आई प्रणिता हिने एका दिवसाची सहल ठरवली होती. उत्तरेकडच्या एका छोट्या बेटावर शेतांमध्ये, जुन्या घरांमध्ये आधुनिक कलाकृती मांडल्या होत्या, आणि सोबत गाइड. बेटाचं नाव सांगत नाही. तिथे माणसं राहतात.

आम्ही चौघं होतो. प्रणिता, गुंजन, मी आणि प्रणिताच्या ऑफिसातला स्वप्निल. आमची गाइड अॅनेके, साठीची, पांढऱ्या केसांची, खणखणीत आवाजाची बाई.

बोटीतून उतरलो तेव्हाच धुकं होतं. पुढे वाढतच गेलं.

पहिल्या शेतात मेंढ्यांच्या मधोमध चाळीस लाल खुर्च्या गोल मांडल्या होत्या. अॅनेके त्यांचा अर्थ समजावून सांगत होती.

"इथे मांडल्या की कला," स्वप्निल माझ्या कानाशी म्हणाला. "आमच्या गावी मांडल्या की लग्न."

"गप रे, तिला हसू ऐकू जाईल," प्रणिता म्हणाली आणि स्वतःच हसली.

असे हसत-खेळत आम्ही शेवटच्या कलाकृतीपाशी आलो. तीन वाजून गेले होते.

समुद्राच्या बांधाखाली एक जुनं शेतघर. एका जपानी कलाकाराने त्याच्या तिन्ही खोल्यांत मीठ पसरलं होतं. बाकी सामान नाही. पहिल्या दोन खोल्यांतून चालायचं. तिसरीच्या दाराला दोरी. आत जायचं नाही, दारातूनच बघायचं. तिथे खिडकीकडे तोंड करून एक खुर्ची ठेवलेली.

"या घरांतल्या बायका खिडकीशी बसून बोटींची वाट बघायच्या," अॅनेकेने सांगितलं. "कलाकाराने फक्त तेवढंच ठेवलंय. आत कृपया बोलू नका. आणि बूट इथे."

"चला, देवळात आलो," स्वप्निल बूट काढत म्हणाला.

आत गेलो. पायाखाली मीठ करकरत होतं.

तिसऱ्या खोलीतलं मीठ अॅनेकेने लाकडी दाताळ्याने सारखं केलेलं. सरळ बारीक रेघा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एकही मोडलेली नाही. हे मी नीट पाहिलं होतं, लक्षात ठेवा.

गुंजन दोरीपाशी खूप वेळ उभी राहिली. मी तिचा हात धरून बाहेर आणलं.

बाहेर प्रणिता आणि स्वप्निल बांधावर चढून फोटो काढायला गेले. मी ओट्यावर बसून बूट घालत होते. अॅनेके कुठे दिसत नव्हती. मला वाटलं, आत असेल.

गुंजन एक बूट हातात धरून थांबली.

"आजी, त्या आजींना डूई म्हणायचं राहिलं."

पांढरे केस, म्हणून ती अॅनेकेला आजी म्हणते आहे असं मी धरून चालले. कुठली आजी, एवढं विचारलं असतं तर...

नाही विचारलं. मी शिकवत बसले.

"डचमधलं डूई नको. मराठीत सांग बघू."

"मी जाते."

"जाते म्हणू नये, बाळा. येते म्हणावं."

"पण मी परत नाही येणार."

"तरी तसंच म्हणायचं. रीत असते. जा, नीट निरोप घेऊन ये."

ती मोजे घातलेल्या पायांनी आत पळाली. एकटीच. मी पाठवली.

करकर... करकर... मग शांत.

मग तिचा स्वच्छ आवाज आला. "येते हं, आजी."

आणि आतून कुणीतरी म्हणालं...

"या."

म्हातारा, सावकाश आवाज. खूप दिवस न बोललेल्या माणसाचा असतो तसा.

मला हसूच आलं. डचमध्ये 'हो' म्हणायचं तर 'या' म्हणतात. तिने म्हटलं येते, हिने म्हटलं या. वर्गात सांगायला छान गंमत मिळाली, असा विचार करत मी दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला घेतली.

तेवढ्यात घराच्या मागून अॅनेके आली. हातात दाताळं.

"सगळे बाहेर ना? मी मीठ सारखं करून कुलूप लावते."

माझ्या हातातली नाडी सुटली.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही. आज तुम्ही शेवटचे."

मी तशीच आत धावले. गुंजन समोरून शांतपणे चालत येत होती. तिला मागे सारून मी तिसऱ्या खोलीशी गेले.

दोरी जागच्या जागी होती. खुर्चीही.

पण खुर्चीपासून दोरीपर्यंत... पावलं उमटली होती.

अनवाणी. पाचही बोटं स्पष्ट. माझ्या पावलाहून मोठी.

सगळी दाराच्या दिशेने येणारी. परत जाणारं एकही नाही.

मागून अॅनेके आली. खोलीत अंधार होता. तिला माझ्या खांद्यावरून फक्त मोडलेल्या रेघा दिसल्या.

"कोण गेलं आत?" ती गुंजनकडे बघत म्हणाली. "दोरी कशासाठी असते?"

"मी नाही गेले."

प्रणिता आवाज ऐकून आली. "गुंजन! किती वेळा सांगायचं? सॉरी म्हण त्यांना."

"मम्मा, मी खरंच नाही गेले! आजींना विचार."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

गुंजनच्या मोज्यांवर हिरवे पट्टे होते. ते पाऊल तिचं नव्हतं हे फक्त बोट दाखवलं असतं तरी सिद्ध झालं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, कुणाचं? आणि ते उत्तर त्या अंधारात, त्या दोरीपाशी उभं राहून मला ऐकायचं नव्हतं.

मी म्हणाले, "लहान आहे. चुकून गेली असेल."

गुंजनने अॅनेकेला सॉरी म्हटलं. अॅनेकेने दाताळं फिरवलं. चार फटकाऱ्यांत पावलं गेली.

परतीच्या बोटीत ती माझ्याशेजारी येऊन बसली. हेच मला सहन होईना. रुसली असती तर बरं झालं असतं.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, चक्क मराठीत.

"आजी, लहान मुलांना 'ये' म्हणतात ना? आणि 'या' मोठ्यांना?"

"हो. पण ते डच 'या' होतं. म्हणजे हो."

"नाही." तिने मान हलवली. "ती माझ्याकडे बघतच नव्हती. मी तिला सांगितलं, मला आजींनी म्हणायला पाठवलंय. मग ती खुर्चीतून उठली. आणि दाराकडे बघून म्हणाली."

दाराबाहेर ओट्यावर मी बसले होते.

धुक्यात बेट केव्हाच दिसेनासं झालं होतं.

त्या रात्री मी झोपले नाही. आवाजाची भीती होतीच. पण डोळ्यांसमोर सारखं येत होतं ते गुंजनचं सॉरी म्हणणं. छत्तीस वर्षांत किती मुलांना मी सांगितलं असेल, खरं बोला, बाई आहेत तुमच्या पाठीशी. मी ठरवलं, उद्या वर्गानंतर प्रणिताला सगळं सांगायचं. तिच्यासमोर गुंजनची माफी मागायची.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारचे दोन. मुलगा आणि सून बाजारात गेले होते. पाचही मुलं आली, टेबलाभोवती बसली. मी फळ्यावर शब्द लिहिले. मुलं वहीत उतरवू लागली.

गुंजन माझ्या उजव्या हाताला होती. मी तिच्याकडे वाकले. "गुंजन, कालचं मला तुला..."

दाराची बेल वाजली.

मी मुलं मोजली. पाच.

इथल्या घरांना रस्त्याकडे मोठी काच असते. माझ्या जागेवरून दारापुढची पायरी पूर्ण दिसते. ऊन पडलं होतं. पायरी रिकामी होती.

बेल पुन्हा वाजली. या वेळी लांब... बोट दाबून धरल्यासारखी.

मी जागेवरून उठले नाही. मुलं एकेक करून लिहायची थांबली. कुणीतरी डचमध्ये म्हणालं, "आजी, दार."

गुंजनने माझ्याकडे पाहिलं. रिकाम्या पायरीकडे पाहिलं. मग पेन्सिल खाली ठेवली आणि उठली.

"गुंजन, नको," मी म्हणाले.

तिने दार उघडलं नाही. आतल्या कुलपात किल्ली दोनदा फिरवली. मग गुडघ्यांवर बसली, दारातल्या टपालाच्या फटीची झडप बोटाने वर केली आणि तोंड तिच्याजवळ नेऊन, एकही चूक न करता, मराठीत म्हणाली,

"वृंदाआजी इथे राहत नाहीत."