टिकलीचं घटतं वजन

“उतर रे हरिओम, काटा मोडशील!” दीपिका ओरडली.

“मोडतोय कशाला? बघ की! साडेचोवीस किलो! आजपासून मला जाड्या म्हणायचं न्हाई!”

दिवाळीची सुट्टी होती. पालमजवळच्या त्या गावात दोन महिन्यांपूर्वी मेंढ्या जोखायचा नवा डिजिटल काटा आला होता. आज त्याने चक्क हरिओमला सोनूपेक्षा हलकं ठरवलं होतं. काटकुळ्या सोनूचं वजन भरलं एकोणतीस!

दीपिका हसता हसता थांबली. “हरिओम, तो दगड उचल बरं.”

त्याने दगड पोटाशी धरला. आकडा आणखी खाली आला!

“अगं, दगडानं वजन घटायलंय!”

सोनूचा चेहरा पांढरा पडला. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, घरी फक्त आजोबा, दत्तराव आबा. तिचा सगळा जीव टिकली नावाच्या मेंढीवर. टिकली गाभण होती, सोनू तिला निवडून निवडून पाला चारायची. तरी दर आठवड्याला काट्यावर ती घटतच होती. “हिला रोग लागलाय, कळपात ठेवू नका,” असं काट्याचा प्रोग्रॅम लिहिणारे साहेब म्हणाले होते. आज सकाळीच आबा तिला पालमच्या बाजारात घेऊन गेले होते.

तिघं धावत साहेबांकडे गेली.

“सर, वजन ग्रॅममध्ये साठवता ना? किती बिटांत?” दीपिकाने विचारलं. शाळेत ती प्रोग्रॅमिंग शिकत होती.

“सोळा. का गं?”

“मग बत्तीस हजार सातशे सदुसष्ट ग्रॅमच्या पुढचा आकडा त्यात मावतच नाही! तेहतीस किलोची मेंढी चढली की तो एकदम उण्यात जातो, आणि तिथून शून्याकडे सरकत राहतो!”

साहेब गडबडले. “उणे वजन विचित्र दिसत होतं, म्हणून मी ते चिन्हच काढून टाकलं...”

“म्हणजे मेंढी जितकी जड, तितकी काट्यावर हलकी!”

तेवढ्यात आबा आले. हातात नुसतं दावं होतं.

“गिऱ्हाइकानं टेम्पोत घालून नेली पण, पोरी,” सगळं ऐकल्यावर ते म्हणाले. “पाठीवर हात फिरवला तवा कळत हुतं, लय भरलीय. पण म्हणलं, मशीन खोटं कशाला बोलंल?”

संध्याकाळी साहेबांनी सगळ्या मेंढपाळांसमोर चूक कबूल केली. “या पोरांनी बाकीचे कळप वाचवले!” ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोनू मात्र आबांना बिलगून रडत होती.

“मी लय चारायची, म्हणून ती घटायची ना आबा? मी चारलं नसतं, तर टिकली आज हितं असती.”

आबांनी तिला घट्ट जवळ घेतलं.