बारा नंबर

"तिला घाईनं मारलं. कुणाच्या घाईनं ते मी सांगणार नाही. तो माणूस अजून ड्युटीवर आहे."

रामनाथकाकांनी अशी सुरुवात केली. तीस वर्षं ते एका इस्पितळात रक्तपेढीच्या खिडकीवर होते. आता मुलुंडच्या आमच्या नर्सिंग हॉस्टेलचे वॉचमन. जेवणं आटोपून आम्ही चौघी गेटजवळच्या बाकावर बसलो होतो.

"काका, भुताची सांगा म्हटलं होतं," दिशा म्हणाली.

"तीच सांगतोय.

"दोन हजार तेवीसचा दिवाळी पाडवा. रात्रीचे पावणेतीन. रुचिका नावाची नवीन सिस्टर पिशवी न्यायला आली. दहिसरची पोर, हुशार. मी पिशवीचा नंबर वाचला, तिनं कागदावरचा. जुळला.

"पिशवी बारा नंबर बेडची. वॉर्डात नावानं कोण बोलतं? 'बाराला लाव, अकराला काढ', एवढंच. अकरावर मनोरीची सरूबाई होती, मासे विकणारी. हिमोग्लोबिन चार. उठून बसायची ताकद नाही, धाप लागलेली, आणि वरचा पंखा बंद. बाराच्या बाईला दया आली. तिनं आपली जागा दिली. वॉर्डातल्या आयानं, शेवंती मावशीनं, दोघींना हलवलं. वहीत कुणी लिहिलं नाही."

"पण मनगटाला नावाची पट्टी असते ना?"

"पट्ट्या आठ दिवसांपासून संपल्या होत्या.

"रुचिका जिन्यानं वर निघाली. पहिल्या मजल्यावर एक बाई उभी. अनवाणी. ओठ पांढरे. म्हणाली, 'पोरी, माजा नाव इचार.'

"'मावशी, बेडवर जा बघू.'

"दुसरा मजला. तीच बाई... आधीच पोचलेली.

"'माजा नाव इचार गो.'

"रुचिका पळाली.

"रक्त लावताना दोघींनी तपासायचं असतं. पेशंटजवळ, नाव विचारून. पण दुसरी सही टेबलावरच झालेली. आधीच. बारावर कुणीतरी झोपलेलं. तोंडावर पांघरूण. पिशवी लावली. नाव... नाही विचारलं.

"पहिली पंधरा मिनिटं तिथून हलायचं नसतं. तिला हाक आली. गेली.

"परत आली तर खाट हलत होती. थंडी. लघवी काळपट लाल, चुकीच्या गटाचं रक्त चढल्यावर होते तशी. तिनं रक्त बंद केलं. पांघरूण ओढलं.

"जिन्यातली बाई.

"डॉक्टर धावले. सहाला सरूबाई गेली."

दिशा हळूच म्हणाली, "तिला तर उठताही येत नव्हतं..."

"नव्हतंच.

"ड्युटी संपवून मी वर गेलो. रुचिकानं खिशातून कागद काढला. रात्रभर तिच्याच खिशात होता. 'रुग्णाने सांगितलेले नाव' हा रकाना तिनं कोरा सोडला होता. तिथं अंगठा होता. निळा. ओला. भरती करतानाच्या कागदावर सरूबाईचा अंगठा होता, त्याच्याशी मी स्वतः ताडून पाहिला."

"मग?"

"मग काय. चौकशी झाली. दुसऱ्या सहीचा विषय कुणी काढला नाही. रुचिका घरी बसलीय. आई दारात आली तरी आधी नाव विचारते.

"त्या सकाळी कागद हातात धरून मी उभा होतो. शेवंतीनं चादर बदलली, नवीन बाईला त्याच खाटेवर निजवलं. मी विचारलं, हिचं नाव काय गं?

"'काय माहीत, भाऊ,' ती म्हणाली. 'बारा नंबर.'"